ड्रेसिंग निघतं कसं, ते बघा: पट्ट्या, मलमं आणि जखम धुण्याची द्रावणं

कुठलंही ड्रेसिंग लावल्या लावल्या चांगलंच दिसतं. पांढरंशुभ्र, कडा सरळ, नीट चिकटलेलं. त्याचा निकाल लागतो दोन-तीन दिवसांनी, काढताना. पेशंट कळवळला का, खाली ताजं रक्त आलं का, नुकती धरलेली कातडी पट्टीबरोबर सोलून आली का, भोवतालची त्वचा भिजून पांढरी पडली का, हे मी बघते. आधी सर्जिकल वॉर्ड आणि मग जळीत विभाग, अशी माझी नोकरी ड्रेसिंगच्या ट्रॉलीसोबतच गेली आहे. त्या ट्रॉलीवरच्या साहित्याबद्दल इथे लिहिते आहे, आणि कसोटी एकच ठेवली आहे: काढताना काय होतं.

पण पट्टीच्या आधी धुणं येतं. तिथे गडबड झाली तर वर कितीही भारी ड्रेसिंग लावा, उपयोग नाही.

नॉर्मल सलाइनला माझे पैकीच्या पैकी गुण. ०.९ टक्के मीठ, म्हणजे लिटरला ९ ग्रॅम. शरीरातल्या द्रवांशी ते जुळतं, त्यामुळे पेशी फुगत नाहीत, आकसत नाहीत आणि जखम झोंबत नाही. उघडलेली बाटली मात्र दुसऱ्या दिवसासाठी जपून ठेवू नका. त्यात जंतू मारणारं काहीही नसतं. घरी खरचटलं, कापलं तर सलाइन आणायला धावायचीही गरज नाही. पिण्यालायक नळाचं पाणी चालतं. वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने पाणी आणि सलाइन यांची तुलना करणाऱ्या चाचण्या एकत्र करून वेळोवेळी आढावे घेतले आहेत. त्यांत नळाच्या पाण्याने धुतलेल्या जखमा सलाइनने धुतलेल्यांपेक्षा जास्त चिघळल्या, असं दिसलेलं नाही. पाण्याची खात्री नसेल तर उकळून कोमट करून वापरा. कोमटच. थंडगार द्रावणाने जखमेचं तापमान उतरतं आणि ते पुन्हा चढेपर्यंत पेशींचं काम मंदावतं. हिवाळ्यात मी सलाइनची बंद बाटली गरम पाण्याच्या भांड्यात ठेवते आणि ओतण्याआधी मनगटावर थेंब टाकून बघते.

धुताना खरा फरक धारेने पडतो. ओला बोळा जखमेवरून फिरवला की झालं, असं अनेकांना वाटतं. त्याने माती या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात जाते आणि कापसाचे तंतू आत अडकतात. मी ३० ते ३५ मिलीच्या सिरिंजला १८ किंवा १९ गेजच्या (गेज म्हणजे जाडीचं माप) कॅन्युलाची, म्हणजे सलाइन चढवायला शिरेत घालतात तिची, प्लास्टिकची नळी लावते, सुई काढून टाकलेली, आणि जखमेच्या थोडं वरून तिरकी धार सोडते. मातीने भरलेल्या जखमेला सेंटीमीटरमागे ५० ते १०० मिली पाणी लागतं, म्हणजे चार सेंटीमीटरच्या जखमेला सहज पाव लिटर. लोकांना हे जास्त वाटतं, पण गुडघ्यात रुतलेली वाळूची कच याहून कमी पाण्यात हलत नाही. घरी नळाखाली धरणं हा सर्वांत सोपा मार्ग. साबण लावायचा तो जखमेच्या भोवतालच्या त्वचेला.

हायड्रोजन पेरॉक्साइडची बाटली मी जखमेजवळ येऊ देत नाही. त्याच्या फेसावर लोकांचा फार विश्वास: फेस आला म्हणजे जंतू मरतायत. तो फेस येतो आपल्याच रक्तातल्या आणि पेशींतल्या कॅटलेज या एन्झाइममुळे. ते पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करतं. एकही जंतू नसलेल्या रक्तावर ओतलं तरी तितकंच फसफसेल. फसफसताना नव्या पेशींनाही इजा होते, आणि खोल, बंद पोकळीत ओतलं तर ऑक्सिजनचे बुडबुडे रक्तवाहिनीत शिरून जिवावर बेतू शकतं. कापडावरचा रक्ताचा डाग काढायला ठेवा. स्पिरिटचंही तसंच. इंजेक्शनच्या आधी अखंड कातडी पुसायला उत्तम, उघड्या मांसावर अजिबात नाही. आग होते म्हणजे औषध लागू पडतंय, हा समज कुणी रुजवला माहीत नाही, पण त्यापायी माणसं विनाकारण दुःख सोसतात आणि जखमही मागे जाते.

पोव्हिडोन आयोडीनबद्दल माझं मत इतकं सरळ नाही. १० टक्क्यांचं तपकिरी द्रावण जंतूंवर चांगलं काम करतं आणि घाण जखमेत सुरुवातीला मीही वापरते. पण लावलं आणि लगेच पुसलं, तर काहीच साधत नाही. त्याला दोन-तीन मिनिटं द्यावी लागतात. पू, रक्त, सडका भाग त्याला खाऊन टाकतात. तपकिरी रंग फिका पडला की त्यातला दम गेला, असं समजायचं. जखम लाल, दाणेदार, स्वच्छ दिसू लागली की मी ते बंद करते. तेव्हा मारायला जंतू फारसे उरलेले नसतात आणि वाढणाऱ्या पेशींना मात्र त्याचा जाच होतो. मोठ्या भाजलेल्या जागेवरून आयोडीन शरीरात शोषलं जातं, म्हणून थायरॉइडचे रुग्ण, गरोदर बायका, तान्ही बाळं, किडनीचा त्रास असलेले यांच्यासाठी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. क्लोरहेक्सिडिन हे दुसरं जंतुनाशक चांगलं आहे, पण डोळा आणि कानाच्या आतला भाग यांपासून लांब ठेवायचं.

आणखी एका द्रावणाचा उल्लेख करायलाच हवा. पहिल्या महायुद्धात, प्रतिजैविकं नसतानाच्या काळात, हेन्री डेकिन आणि अलेक्सी कॅरेल यांनी सुमारे ०.५ टक्के सोडियम हायपोक्लोराइटने जखमा सतत भिजवत ठेवायची पद्धत बसवली. सडणाऱ्या जखमांनी जाणारे हात-पाय त्यामुळे वाचले. आजही दुर्गंधी मारणाऱ्या, स्लफने, म्हणजे मेलेल्या पेशींच्या पिवळट थराने, भरलेल्या जखमेत डॉक्टर ते सौम्य करून थोडे दिवस लिहून देतात आणि वास खरंच उतरतो. घरातलं ब्लीच त्याच्या जागी वापरायचं नाही, म्हणजे नाहीच.

आता पट्ट्या. "सिस्टर, जखम उघडी ठेवू दे ना, वाळेल" हे मी रोज ऐकते. १९६२ मध्ये जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या उथळ जखमांवर एक साधा प्रयोग केला. काही जखमा उघड्या ठेवल्या, काही पॉलिथिनने झाकल्या. झाकलेल्या जखमांवर कातडी जवळपास दुप्पट वेगाने धरली. कारण समजायला सोपं आहे. खपली असली की नव्या पेशींना तिच्या खालून, ओल सापडेल तिथून, वाट काढत जावं लागतं. जागा आधीच ओलसर असेल तर त्या सरळ पृष्ठभागावरून सरकतात. म्हणून आज चांगल्या ड्रेसिंगकडून एवढंच मागायचं: जखम ओलसर ठेव, पण डबकं करू नकोस.

साधा कोरडा गॉज, म्हणजे विरळ विणीचं जाळीदार सुती कापड, इथेच मार खातो. वाळलेला गॉज काढताना जवळून पाहिलंय का? लाल मांसाचे बारीक दाणे त्याच्या जाळीतून वर आलेले असतात. कोपरा उचलला की प्रत्येक चौकोनातून रक्ताचा एकेक थेंब वर येतो, अगदी ओळीने. तीन दिवसांत जे भरलं ते तीन सेकंदांत उपटलं जातं. घाई असली की लोक म्हणतात, झटकन ओढा, एकदाच दुखेल. मी ओढत नाही. कोमट सलाइन गॉजवर ओतते, वर ओला गॉज ठेवते आणि पेशंटशी गप्पा मारत पाच-दहा मिनिटं थांबते. मग कडा जखमेच्या मध्याकडे, त्वचेला समांतर दुमडत आणते. सुटली नाही तर आणखी पाणी. गॉज टाकाऊ आहे असं मला म्हणायचं नाही. चिकटणार नाही अशा थराच्या वर स्राव टिपायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. खोल पोकळी भरायलाही ओलसर रिबन गॉज चालतो, सैल भरलेला, शेपूट बाहेर ठेवलेलं आणि किती तुकडे घातले ते कागदावर लिहिलेलं. आणि कापूस? थेट जखमेवर कधीच नाही. त्याचे तंतू वेचत बसणं हे मी शत्रूवरही आणणार नाही.

पॅराफिन गॉजला, म्हणजे व्हॅसलिन लावलेल्या जाळीला, मोठा इतिहास आहे. ऑगस्त ल्युमिएर यांनी पहिल्या महायुद्धात ती आणली, सिनेमाचं तंत्र घडवणाऱ्या दोन भावांपैकी ते एक. उथळ भाजणं, खरचटणं, नुकतं बसवलेलं ग्राफ्ट (दुसरीकडून घेऊन लावलेली कातडी) यांवर ती आजही चांगली. माझी तक्रार एकच. दोन-तीन दिवस लोटले की व्हॅसलिन वरच्या गॉजमध्ये उतरतं, जाळी कोरडी होते आणि मग तीही साध्या गॉजसारखीच चिकटते. पहिले दिवस दोन थर ठेवावेत आणि वेळेवर बदलावी.

सिलिकॉनची जाळी मात्र माझ्या हातून गेलेल्या साहित्यात सर्वांत वरची. ती कोरड्या कातडीला अलगद धरते आणि ओल्या जखमेला धरतच नाही. लहान मुलांच्या ड्रेसिंगला फरक जाणवतो. मूल ट्रॉली बघून आधीच रडायला लागलेलं असतं, जाळी उचलते तेव्हा श्वास रोखतं, आणि काही दुखलं नाही हे कळल्यावर गोंधळून माझ्याकडे बघतं. जाळी कित्येक दिवस जागची न हलवता फक्त वरचा गॉज बदलता येतो. महाग आहे, पण ड्रेसिंगची संख्या निम्म्यावर आली आणि वेदनाशामक कमी लागलं तर हिशोब वेगळा होतो. सगळी जखम झाकण्याइतकी जाळी परवडत नसेल, तर निदान पहिल्या आठवड्यापुरती घ्या.

हायड्रोकोलॉइडला, म्हणजे स्राव शोषून जेल होणाऱ्या चिकट, हवाबंद पट्टीला, मी चांगलं म्हणते, पण ते लावण्याआधी घरच्यांना बसवून समजावते. नाहीतर हमखास फोन येतो. एका आईने तर हाक मारली, "सिस्टर, अहो पू झालाय, वासही येतोय!" पट्टीखाली पिवळसर, चिकट, आंबूस वासाचा लगदा होता. मी म्हटलं, "ताई, थांबा, आधी धुऊन बघू." धुतल्यावर खाली गुलाबी, स्वच्छ जागा निघाली. तो लगदा म्हणजे पट्टीतलं कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज, जखमेचा स्राव शोषून झालेली जेल. जंतुसंसर्ग ओळखायचा तो कडांवरून: लाली रोज पसरते आहे का, जागा गरम लागते का, ठणका वाढतोय का, ताप आहे का, धुतल्यावरही वास तसाच राहतो का. यातलं काही असेल तर हायड्रोकोलॉइड काढायचं आणि दवाखाना गाठायचा. चिघळलेल्या जखमेवर हवाबंद पट्टी नको. स्वच्छ, उथळ, थोडंसंच पाझरणाऱ्या जखमेवर ते तीन ते सात दिवस निवांत राहतं.

फार पाझरणाऱ्या जखमेला पॉलियुरेथेनचा फोम. पायावरच्या जुन्या अल्सरमध्ये त्याने माझं आणि पेशंटचं दोघांचं जगणं सोपं केलंय. चादर भिजत नाही, कडा कुजत नाहीत. ओल फोमच्या कडेपासून साधारण दोन सेंटीमीटरवर आली की बदलायचा. अल्जिनेट समुद्री शेवाळापासून बनतं. त्यातलं कॅल्शियम जखमेतल्या सोडियमशी अदलाबदल करतं, तंतूंची जेल होते आणि बारीक रक्तस्राव थांबायला मदत होते. ग्राफ्टसाठी मांडीवरून कातडी घेतात, त्या जागी हे लावलेलं मला आवडतं. ती जागा भाजलेल्या जागेपेक्षा जास्त दुखते, हे बाहेरच्यांना माहीत नसतं. कोरड्या जखमेवर अल्जिनेट लावू नये, रुतून बसतं. त्याच्या उलट हायड्रोजेल, म्हणजे पाणी धरून ठेवणारी जेल: वाळलेल्या, पिवळ्या-काळ्या थराला ओल देऊन सुटा करतं. एक अपवाद लक्षात ठेवाच. रक्तपुरवठा कमी असलेल्या पायाच्या बोटावर किंवा टाचेवर कोरडा, घट्ट, काळा थर असेल तर तो भिजवायला जाऊ नका; ते डॉक्टरांनी ठरवायचं. मधुमेहींच्या पायाची कुठलीही जखम, दुखत नसली तरी, घरी ड्रेसिंग करत ठेवण्यासारखी नसते. त्या पायावरचा भार कमी केल्याशिवाय कुठलीच पट्टी गुण देत नाही.

भाजल्यावर मात्र पहिलं ड्रेसिंग म्हणजे पाणी. वाहतं, थंड पण बर्फाचं नाही असं, २० मिनिटं. घड्याळ लावून, कारण घाबरलेल्या माणसाला दोन मिनिटं म्हणजे वीस वाटतात. भाजून तीन तासांपर्यंत याचा उपयोग होतो, म्हणजे उशिरा कळलं तरी करायचं. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ लगेच काढा, सूज आली की ते निघत नाहीत. बर्फ नको, त्याने रक्तवाहिन्या आकसून जखम आणखी खोल जाते. लहान मुलाचं भाजलेलं तेवढं गार करा, बाकी अंग पांघरुणात ठेवा. टूथपेस्ट आणि शाई फासून आलेल्या जखमा मला तासभर धुवाव्या लागतात, आणि तो त्रास त्या जिवाला होतो. जखम किती खोल आहे हे बघायलाही आधी ते सगळं काढावं लागतं.

गार झाल्यावर दवाखान्यात नेईपर्यंत झाकायला स्वयंपाकघरातली पारदर्शक क्लिंग फिल्म मला सर्वांत पसंत. चिकटत नाही, वारा लागत नाही त्यामुळे आग कमी होते आणि डॉक्टरांना ती न काढताच जखम दिसते. रोलचा पहिला वेढा टाकून द्या आणि फिल्म लांबीने अंथरा, हाताभोवती गुंडाळू नका; सुजल्यावर आवळते. रसायनाने भाजलं असेल तर फिल्म नको, आधी भरपूर पाणी. आणि चेहरा, हात, पाऊल, जननेंद्रिय, मोठा सांधा, विजेचा धक्का, पांढरी किंवा चामड्यासारखी बधिर जागा, किंवा पेशंटच्या बोटांसकट तळव्यापेक्षा मोठी जागा असेल तर घरी काही लावत बसू नका. बोटांसकट तळवा म्हणजे शरीराचा साधारण १ टक्का. धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही तिथेच विचारून घ्या.

सगळ्यांत जास्त वाद ज्यावर होतो ते पांढरं मलम, १ टक्का सिल्व्हर सल्फाडायझिन. चार्ल्स फॉक्स यांनी १९६८ मध्ये ते पुढे आणलं आणि पुढची अनेक दशकं जळीत वॉर्ड म्हणजे हेच मलम, असं समीकरण होतं. जंतुसंसर्गाने माणसं जात, त्या काळात त्याने प्राण वाचवले, हे मी आदराने मान्य करते. पण उथळ भाजण्यावर आज ते पहिली निवड म्हणून वापरावं असं मला वाटत नाही. मलम स्रावात मिसळून जखमेवर करडा-पिवळा खोटा थर धरतं. तो रोज घासून काढावा लागतो, रोज दुखतं, आणि त्या थराखाली जखमेची खोली कळत नाही. सर्जन राउंडला आले की पहिला प्रश्न, "मलम कुणी लावलं?" तुलनात्मक अभ्यासांतही नव्या ड्रेसिंगखाली उथळ भाजणं या मलमापेक्षा लवकर भरलेलं दिसतं. सल्फाची ॲलर्जी, दोन महिन्यांखालची बाळं, गरोदरपणाचे शेवटचे दिवस, इथे तर ते वर्ज्यच. चांदीच हवी असेल तर नॅनोक्रिस्टलाइन सिल्व्हरची, म्हणजे चांदीचे अतिसूक्ष्म कण असलेली, पट्टी कित्येक दिवस काम करते, रोजची घासाघीस वाचते. एक बारकावा पाकिटावर लिहिलेला असूनही हातून सुटतो: ही पट्टी शुद्ध, निर्जंतुक पाण्याने ओली करायची, सलाइनने नाही. सलाइनमधलं क्लोराइड चांदीला बांधून ठेवतं. आणि जखम स्वच्छ झाली की चांदी थांबवायची.

मधाची पट्टी? वैद्यकीय प्रतीचा, गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला मध असेल तर माझा विरोध नाही. उथळ भाजण्यात तो जुन्या पद्धतीच्या ड्रेसिंगपेक्षा लवकर गुण देतो, याला बऱ्यापैकी आधार आहे. लावल्यावर काही जणांना चुरचुरतं आणि स्राव वाढतो, तेवढं आधी सांगून ठेवायचं. बाटलीतला खाण्याचा मध नको. त्यात जिवाणूंचे बीजाणू असू शकतात.

प्रतिजैविक मलमांची ट्यूब प्रत्येक घरात असते. स्वच्छ, छोट्या जखमेला तिची गरज नसते. १९९६ मध्ये त्वचेवरच्या छोट्या शस्त्रक्रियांनंतर बॅसिट्रॅसिन हे प्रतिजैविक मलम आणि साधं पांढरं पेट्रोलॅटम, म्हणजे व्हॅसलिन, यांची तुलना झाली होती, आणि जंतुसंसर्गात लक्षणीय फरक आढळला नाही. अशा मलमांतल्या निओमायसिन या प्रतिजैविकाने तर कितीतरी जणांना ॲलर्जी येते. खाज, लाली, पुरळ. आणि घरचे समजतात जखम चिघळली, मग तेच मलम आणखी थापतात.

शेवटी टेप आणि बँडेज, कारण चांगलं ड्रेसिंग वाया जातं ते इथेच. वयस्कर माणसांची कातडी कागदासारखी असते. त्यावर घट्ट चिकटपट्टी लावून ओढली की मूळ जखमेपेक्षा मोठी नवी जखम होते. त्यांना सिलिकॉनची टेप, नाहीतर टेपच नको, नुसतं जाळीदार ट्यूब बँडेज. पारदर्शक फिल्म काढताना वर उचलू नका. एक कड धरून त्वचेला समांतर ताणत न्या, चिकट बाजू आपोआप सुटते. भाजलेली बोटं असतील तर प्रत्येक बोट वेगळं गुंडाळा, नाहीतर भरताना दोन बोटं एकमेकांना धरतात. बोटांची टोकं उघडी ठेवा. बँडेज बांधून झाल्यावर नख दाबून सोडा. दोन सेकंदांत गुलाबी झालं नाही, बोट गार लागलं किंवा मुंग्या आल्या, तर सगळं सोडा आणि सैल बांधा.